अंडी देणाऱ्या बदकांची तब्येत: रोज काय बघायचं, डॉक्टरांना कधी बोलवायचं

खान्देशात कोंबड्या घरोघरी असतात, बदकं त्या मानाने कमी. त्यामुळे परसात चार-सहा बदकं आणणारा बहुतेक जण कोंबड्यांच्या अनुभवावर त्यांना सांभाळायला जातो. खाणं, खुराडं, रात्रीची राखण इथवर ते चालून जातं. तब्येतीच्या बाबतीत मात्र चालत नाही. आजारी कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, लांबूनही कळते. बदक कळपाबरोबर चालत राहतं, चोच दाण्यात घालतं, खाल्ल्यासारखं करतं, आणि अगदी गळून गेल्यावरच खाली बसतं. लोक म्हणतात, काल संध्याकाळपर्यंत चांगलं होतं, सकाळी मेलं. ते चांगलं नव्हतं. आठवडाभर ते खुणा देत होतं, फक्त त्या बारीक होत्या.

त्या बारीक खुणा कुठे आणि कशा बघायच्या, ते पुढे सांगतो. यंत्र-औषध फारसं लागत नाही. रोजची दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा अर्धा तास आणि एक वही पुरे.

पहिली पायरी: निरोगी बदक पाठ करा

आजार ओळखण्याआधी तुमच्या बदकांचा रोजचा दिनक्रम तुम्हाला माहीत हवा. दार उघडल्यावर सगळ्यांत आधी कोण धावतं, कुणाचा आवाज मोठा, कोण हाताजवळ येतं, कोण कधीच येत नाही. मादीचा आवाज खणखणीत असतो, नराचा बसलेला, घोगरा. नराची शेपटीवरची वळलेली पिसंही ओळख पटवतात. हे माहीत असलं म्हणजे एखाद्या मादीचा आवाज अचानक बसला तर ती श्वासाच्या त्रासाची खूण असू शकते, हे तुमच्या लगेच ध्यानात येईल.

प्रत्येक बदकाच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घाला. पांढरी पेकिन किंवा खाकी कॅम्पबेल, एका जातीची सगळी बदकं एकसारखीच दिसतात. कड्याशिवाय "त्यातलं एक जरा मरगळलेलं वाटलं" याच्या पुढे नोंद जात नाही. कडं सैल असू द्या आणि दर महिन्याला तपासा, वाढत्या पिल्लांच्या पायात ते रुततं.

आणखी एक: बदकाला हात लावला की ते गरम लागतं. त्याच्या शरीराचं तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. हाताला गरम लागलं म्हणून ताप समजू नका.

दुसरी पायरी: सकाळी दार उघडण्याआधी

बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत देतात. म्हणून फार लवकर सोडली तर अंडी वावरात, उसात, नाल्याच्या कडेला सांडतात आणि कुणी दिलं, कुणी नाही याचा हिशेब लागत नाही. आठ-साडेआठला सोडणं बरं.

दार उघडण्याआधी जाळीतून आत बघा. सगळी उभी आहेत का? कुणी मान पाठीत घालून बसलंय का? मग दार उघडा आणि बाजूला उभे राहा. निरोगी बदक दाराकडे ढकलाढकली करत येतं, पाण्यात डोकं घालतं, नाकपुड्या धुतं, मग दाण्याकडे वळतं. जे शेवटी निघालं ते त्या दिवशी लक्षात ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही तेच शेवटी निघालं तर उचलून तपासायचं.

चाल बघा. दोन्ही पायांवर सारखा भार पडतोय का, की एक पाय टेकवताना कचरतंय? पाय फाकवून चालतंय का? शेपूट एरवी जमिनीला समांतर किंवा किंचित वर असते. शेपूट खाली पडलेली, आणि श्वासाबरोबर वरखाली हलणारी दिसली तर ते बदक त्रासात आहे. डोळे स्वच्छ, गोल, उघडे हवेत. डोळ्याभोवतीची पिसं ओली, चिकटलेली असतील तर आधी पाण्याचं भांडं तपासा, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मग आत जाऊन विष्ठा बघा. पिंजऱ्यातल्या तुसावर, भुशावर रात्रीची विष्ठा ताजी पडलेली असते, आणि हीच वेळ तिची. साधारण विष्ठा तपकिरी-हिरवट आणि वर थोडा पांढरा भाग. बदकांची विष्ठा पातळच असते, कोंबडीसारखी बांधीव नसते, तेव्हा नुसती पातळ म्हणून घाबरायचं नाही. हिरवा चारा, शेवाळ, टरबूज खाल्लं की रंग बदलतो. काळजीचं असतं ते गडद हिरवं आणि चिकट, रक्त मिसळलेलं, किंवा नुसतं पांढरं पाणी, आणि तेही सलग दोन दिवस. पोट रिकामं असलेलं बदक गडद हिरवी विष्ठा टाकतं, म्हणजे ते दाण्यापाशी उभं असतं पण खात नाही. खुडूक बसलेली मादी दिवसातून एखाद-दोनदाच उठते आणि मोठा, घाण वासाचा गोळा टाकते. तो आजार नव्हे.

तिसरी पायरी: अंडं नीट बघा

अंडं बनायला साधारण एक दिवस लागतो, त्यामुळे कालच्या दिवसाची तब्येत आज हातात येते. मला विचाराल तर सगळ्या तपासणीत हीच सर्वांत विश्वासाची.

आधी काय नॉर्मल ते सांगतो. खाकी कॅम्पबेल पाचव्या महिन्याच्या सुमारास अंड्यावर येते आणि चांगल्या संगोपनात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. पेकिन त्याच्या निम्म्याने. अंडं साधारण ६५ ते ७० ग्रॅम. नव्याने अंड्यावर आलेल्या मादीची पहिली काही अंडी लहान, दोन बलकांची किंवा कवच नसलेली असू शकतात. दोन-तीन आठवड्यांत घडी बसते.

घडी बसल्यावरही कवच पातळ येत असेल, बोटाने दबत असेल, खडबडीत खडे-खडे असतील, तर पहिली शंका कॅल्शियमची. अंड्यावरच्या माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. दाण्यात मिसळू नका. जिला हवं ती खाते. नरांना आणि अंडी न देणाऱ्यांना जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला जड जातं. शिंपले असूनही कवच पातळ असेल तर मादी फार वयाची झाली आहे का, उष्मा आहे का, की आजार आहे, हे बघायचं.

कवचावर रक्ताची एखादी रेघ नवीन मादीत दिसते आणि थांबते. रोज दिसली तर डॉक्टर. अंड्याऐवजी पिवळट, रबरासारखा थरांचा गोळा पडला तर तो अंडनलिकेतल्या संसर्गाचा असतो; फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

बलकाचा रंगही सांगतो. आपल्याकडे कापूस मुबलक, सरकीची पेंड म्हशीसाठी घरात असतेच, आणि तीच थोडी बदकांना टाकली जाते. टाकू नका. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी घटकाने साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो, सरकीच्या तेलातल्या आणखी एका घटकाने पांढरा भाग गुलाबी पडतो, आणि जास्त प्रमाणात गॉसिपॉल पक्ष्याच्या जिवावर येतं.

अंडी थांबली म्हणजे आजारच, असंही नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांच्या आसपास येतो. भरपूर अंड्यांसाठी १४ तासांच्या वर उजेड लागतो, म्हणून हिवाळ्यात अंडी घटतात. पिसं झडण्याच्या काळातही मादी अंडी थांबवते. पंखांची मोठी पिसं एकदम गळतात, अंगण पिसांनी भरतं, नवखा माणूस हबकतो. त्या काळात दाण्यातली प्रथिनं वाढवा आणि उगाच हाताळू नका, नव्या पिसांचे कोंब दुखरे असतात. जागा बदलली, रात्री मांजर-मुंगूस फिरून गेलं, तरी आठवडाभर अंडी बंद होतात. अंडी थांबली आणि बदक खातंय, पितंय, ओरडतंय, तर वाट बघा. अंडी थांबली आणि बदक शांत झालंय, तर वाट बघू नका.

अंडं अडकलं तर

याला वेगळी पायरी म्हणत नाही, कारण हे रोजचं नाही. पण अंडी देणाऱ्या मादीचा जीव काही तासांत जाऊ शकतो असं जे मोजकं आहे त्यात हे आहे, म्हणून सविस्तर.

मादी पुन्हा पुन्हा घरट्यात जाते, जोर करते, रिकामी उठते. छाती वर आणि शेपूट जवळजवळ जमिनीला टेकलेली, अशी उभी राहते. शेपूट लयीत वरखाली होते. पंख सैल पडतात. खाणं बंद. पोटाखाली, दोन पायांच्या मागे हलक्या हाताने चाचपलं तर कधी अंडं टणक हाताला लागतं, कधी लागत नाही.

लगेच डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत एवढं करा. घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी घ्या, मनगटाला सोसेल एवढंच. त्यात तिला पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसू द्या. मग पुसून, कळपापासून दूर, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. उन्हाळा असेल तर पत्र्याच्या खोलीत नको, ती भट्टी असते. अंडं गुदद्वाराशी दिसत असेल तर भोवती थोडं व्हॅसलीन लावा. पोट दाबून अंडं ढकलायचं नाही. अंडं आत फोडायचं तर नाहीच. कवचाचे तुकडे आतून फाडतात आणि संसर्ग पसरतो. कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायचं की नाही, किती, हे डॉक्टर ठरवतील.

जोर करून कधी आतला लालसर मांसल भाग बाहेर येतो. ती मादी ताबडतोब वेगळी करा, कारण बाकीची बदकं लाल दिसेल तिथे चोच मारतात. तो भाग सलाइनने स्वच्छ करून ओला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आणखी एक प्रकार हळूहळू येतो. मादीचं पोट खाली लोंबू लागतं, आत पाणी भरल्यासारखं लागतं, ती पाय फाकवून चालते, अंडी अनियमित होतात किंवा बंद पडतात. बलक अंडनलिकेऐवजी पोटात पडून संसर्ग झालेला असू शकतो. जास्त अंडी देणाऱ्या जातींत हे अधिक दिसतं. घरगुती इलाज नाही.

चौथी पायरी: आठवड्यातून एकदा हातात घ्या

रविवार संध्याकाळ ठरवून टाका. बदकाला पायाला धरून उचलू नका, पाय पटकन निखळतात. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरा, काखेत घ्या, त्याचे पाय तुमच्या तळहातावर. डोक्यावर हलका कपडा टाकला की शांत होतं.

आधी वजन. भाजीचा काटा आणि प्लास्टिकची बादली पुरते. खाकी कॅम्पबेल दोन किलोच्या आसपास भरते. आकडा कितीही असो, महत्त्व फरकाला. दोन किलोच्या बदकाचं वजन २०० ग्रॅमने उतरलं तर ते आजारी आहे असं धरून चाला, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंनी मांस हवं. हाड धारदार लागलं तर बदक खंगतंय. हाड सापडतच नसेल तर ते लठ्ठ झालंय, आणि लठ्ठ मादीतच अंडं अडकण्याचा धोका जास्त.

मग पायाचे तळवे. ही तपासणी कधीही सोडू नका. सिमेंटचा कोबा, खडी, मुरूम यावर चालणाऱ्या जड बदकांच्या तळव्याला बारीक जखम होते, जंतू शिरतात, आत पू धरतो आणि वर काळी खपली येते. सुरुवातीला ती खपली मसुराएवढी असते. पाय धुऊन उजेडात बघितलं नाही तर मातीचा डागच वाटतो. तेव्हाच कोमट मिठाच्या पाण्यात रोज पाय भिजवून, मऊ कोरड्या जमिनीवर ठेवून बरेचदा आवरतं. तळवा सुजला, गरम लागला, बदक लंगडलं, तर डॉक्टर. ब्लेडने स्वतः कापायला जाऊ नका.

डोळे, नाकपुड्या, पंखांखाली उवा-गोचीड, गुदद्वाराभोवतीची पिसं, हे सगळं पाच मिनिटांत होतं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. बदक चोचीने ते तेल पिसांना लावतं. पाणी पिसांवरून ओघळायला हवं. पिसं भिजून अंगाला चिकटत असतील तर अंघोळीचं पाणी घाण आहे किंवा बदक आजारी आहे. मानेमागची पिसं उपटलेली असतील तर नर जास्त झालेत. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरे.

पाचवी पायरी: पाणी आणि दाणा

पिण्याचं भांडं एवढं खोल हवं की नाकपुड्यांसकट चोच बुडेल. उथळ थाळीत पाणी दिलं की नाक-डोळे चिकटतात आणि महिनाभरात डोळे येतात. पोहायला तळं नसलं तरी चालेल, चोच बुडवायला खोल भांडं नसलं तर चालणार नाही. दाण्याशेजारी पाणी असायलाच हवं. कोरडा दाणा घशात अडकतो.

बदकांना कोंबड्यांपेक्षा जास्त नायसिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) लागतं. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यावर वाढवलेली बदकाची पिल्लं म्हणून पाय वाकडे करून बसतात. यीस्टची पावडर किंवा डॉक्टरांनी दिलेलं बी-कॉम्प्लेक्स वेळेत सुरू केलं तर सुधारतात.

सगळ्यांत जपायचं ते बुरशीपासून. मक्यावर, शेंगदाण्याच्या पेंडीवर धरलेल्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात मारतं, थेट यकृतावर जातं. खळ्यावर भिजलेला मका "जनावरांना चालेल" म्हणून बाजूला काढतात. बदकांना तो मूठभरही नको. पाव, शेव, फरसाण हेही नको. कपाशीवर किंवा केळीवर फवारणी झाली असेल त्या वावरात बदकं सोडू नका, औषध लावलेलं बियाणं उघडं ठेवू नका. जमिनीवर पडलेले खिळे, तारेचे तुकडे ती गिळतात. बांधकाम झाल्यावर परस झाडून घ्या.

सहावी पायरी: आपला उन्हाळा

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बदकाला घाम येत नाही. ते चोच उघडी टाकून धापतं, पंख अंगापासून दूर धरतं. धापताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवच बनवायला लागणारा कार्बोनेट कमी पडतो, म्हणून उन्हाळ्यात शिंपले खाऊनही कवच पातळ येतं. तिथे औषध शोधू नका, सावली शोधा.

केळी, शेवगा, निंब यांची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा चांगली. पत्राच असेल तर वरून चुना मारा, बाजूंना ओलं गोणपाट बांधा, वारा खेळता ठेवा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत येतं; बारा वाजता भांडी रिकामी करून माठातलं किंवा विहिरीचं पाणी भरा. दाणा पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. एखादं बदक लडखडलं, पडलं, तर सावलीत न्या, पाय साध्या गार पाण्यात ठेवा, डोकं-मान ओली करा. बर्फाचं पाणी नको. शुद्धीवर असेल तरच थेंबथेंब पाजा.

पावसाळ्यात उलट काळजी. भुसा रोज उलथा, ओला बाहेर काढा. बुरशी आलेल्या चाऱ्याच्या धुळीने फुप्फुसं धरतात. साचलेल्या, कुजक्या डबक्यात, मेलेल्या जनावराजवळच्या अळ्या खाऊन बदकांना विषबाधा होते. आधी पाय, मग पंख, शेवटी मान लुळी पडते. मान टाकलेलं बदक दिसलं की बाकीची त्या डबक्यापासून तत्काळ हटवा.

सातवी पायरी: साथीचे रोग, आणि नवापूर

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २०२१ मध्ये तो तिथे परत आला. पोल्ट्रीवाल्यांचं झालेलं नुकसान त्या भागात अजून विसरलेलं नाही. परसात बदकं पाळणाऱ्याने यातलं एक लक्षात ठेवावं: बदकं हा विषाणू कसलंही लक्षण न दाखवता बाळगू शकतात. तुमची बदकं ठणठणीत आणि शेजारच्या कोंबड्या पटापट मरताहेत, असंही होऊ शकतं. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर आणि इतर तलावांवर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्या पाण्यात आपली बदकं सोडू नका, त्यांचा दाणा उघड्यावर पसरू नका.

बदक-प्लेग आणि बदक-कॉलरा यांच्या लसी आहेत. बदकं आणली की महिन्याभरात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन वेळापत्रक ठरवून घ्या. लस मोठ्या पॅकमध्ये येते, तेव्हा गावातल्या दोन-चार जणांनी मिळून बोलवलेलं सोयीचं पडतं. एकाच दिवशी दोन-तीन पक्षी मेले, अंडी एकदम निम्म्यावर आली, तर पक्षी कापू नका, नाल्यात टाकू नका, विकू नका. दवाखान्याला कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात, बदक त्यांच्याकडे क्वचित येतं. म्हणून माहिती तुम्ही नेमकी द्या: वजन कधीपासून उतरलं, शेवटचं अंडं कधी, कसं होतं, विष्ठेचा मोबाइलवर फोटो, दाण्यात काय बदललं. अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांनाच विचारा, आणि तेवढे दिवस ती कुणाला वाटूही नका. एरवीही बदकाची अंडी पूर्ण शिजवून खावीत आणि मुलांनी बदक हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, साल्मोनेला या जंतूचा धोका असतो.

राहिलं नवं बदक. बाजारातून आणलेलं बदक कितीही देखणं असलं तरी ३० दिवस वेगळं ठेवा, भांडी वेगळी, जागा दूर. त्या महिन्यात त्याचं वजन, विष्ठा, पाय वर सांगितल्याप्रमाणेच तपासा. रोज आधी जुन्यांचं दाणापाणी आटोपायचं, मग नव्याकडे जायचं, आणि त्या बाजूची चप्पल तिथेच काढून यायचं.